अहवाल लिहिता येणारा अभियंता

पेढीवर बसणाऱ्या घरांतून अभियांत्रिकीकडे वळणारी मुले-मुली आता अपवाद राहिलेली नाहीत. बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हाती आले, की घराघरांत चर्चा सुरू होते ती शाखेची, महाविद्यालयाची, वसतिगृहाची आणि शुल्काची. संगणक घ्यावा की यंत्र, पुण्याला पाठवावे की सांगलीला, पुढे जर्मनीला जायचे की घरचा कारखाना पाहायचा, यावर काका-मामांपासून शेजारच्या दुकानदारापर्यंत सर्वांची मते घेतली जातात. या साऱ्या खलात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ज्या भाषेत चार वर्षे शिकायचे, त्या भाषेत या मुलाला आपला विचार लिहून मांडता येतो काय? आणि येत नसेल, तर ते त्याला कोण शिकविणार?

हा प्रश्न टाळला जातो, कारण त्याचे उत्तर सर्वांनी आधीच गृहीत धरलेले असते. ‘इंग्रजी कच्चे आहे, एखादा क्लास लावू’ असे म्हणून विषय संपतो. क्लास लागतो, दोन-तीन महिन्यांत मुलगा चार वाक्ये धिटाईने बोलू लागतो, आणि पालक निश्चिंत होतात. पुढे पहिल्या सत्राची प्रयोगवही, तिसऱ्या वर्षाचा सेमिनार आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प-अहवाल समोर येतो, तेव्हा बोलण्याची ही धिटाई फारशी उपयोगी पडत नाही.

बोलणे वेगळे, लिहिणे वेगळे

व्यापारी घरातील मूल लहानपणापासून अनेक भाषांत वावरत असते. घरात मारवाडी, गुजराती किंवा कच्छी, दक्षिण महाराष्ट्रातील घरांत मराठी अथवा कानडी, पेठेत मराठी, गिऱ्हाईक पाहून हिंदी. शाळा मराठी असते, सेमी-इंग्रजी असते किंवा इंग्रजी माध्यमाची असते. इतक्या भाषा हाताळणाऱ्या मुलाला आणखी एका भाषेचे भय नसावे असे वाटते, आणि बोलण्यापुरते ते खरेही असते.

टोरांटो येथील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 साली या बाबतीत एक भेद मांडला. नित्याच्या संभाषणाची भाषा एक आणि शिक्षणाची, विचार बांधण्याची भाषा दुसरी. कॅनडात स्थलांतरित होऊन आलेल्या मुलांच्या अभ्यासावरून त्यांनी दाखविले, की संभाषणाची भाषा सुमारे दोन वर्षांत अंगवळणी पडते. परंतु शालेय विषयांची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. मूल फाडफाड बोलते म्हणून त्याला अभ्यासाची भाषाही आली असे शिक्षक समजतात, आणि तेथेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते, हा त्यांच्या मांडणीचा मुख्य इशारा होता.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. अकरावी-बारावीची दोन वर्षे प्रवेशपरीक्षेच्या तयारीत जातात आणि त्या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. गणित सुटते, पर्याय अचूक निवडला जातो. पण एकही परिच्छेद लिहावा लागत नाही. अशा रीतीने हुशार म्हणून निवडले गेलेले मूल महाविद्यालयात येते आणि पहिल्याच महिन्यात त्याच्यापुढे कोरी प्रयोगवही ठेवली जाते.

सबमिशनचा आठवडा

प्रयोगवहीचे पुढे काय होते, हे अभियांत्रिकीतून गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. सत्र संपत आले की ‘सबमिशन’चा आठवडा येतो. वरच्या वर्गातील कोणाची तरी जुनी फाईल मिळवली जाते. उद्दिष्ट, सिद्धांत, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष हे सारे रात्र जागून उतरवून काढले जाते. फाईलवर सही होते, टर्मवर्कचे गुण मिळतात. ज्या फाईलवरून उतरविले, तीही कोणावरून तरी उतरविलेलीच असते. निष्कर्षाचे वाक्य वर्षानुवर्षे तेच राहते. कधी कधी त्यातील शुद्धलेखनाची चूकही तशीच पुढे जाते.

यात मुलांना दोष देऊन भागणार नाही. एका तुकडीत साठ-सत्तर विद्यार्थी, शिक्षकावर तपासणीचा ढीग आणि वेळापत्रकात लेखनासाठी स्वतंत्र वेळ नाही, अशी बहुतेक ठिकाणची स्थिती असते. ‘कम्युनिकेशन स्किल्स’ या नावाचा विषय असतो. त्यात पत्रलेखन, मुलाखतीची तयारी, गटचर्चा यांवर भर असतो. तो विषय भाषेचे शिक्षक शिकवितात आणि प्रयोगवही अभियांत्रिकीचे शिक्षक तपासतात. काँक्रीटच्या चाचणीचा निष्कर्ष कसा लिहावा, हे दोघांपैकी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

अपेक्षा मात्र कागदावर स्पष्ट आहे. भारत 2014 साली वॉशिंग्टन करार या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पूर्ण सदस्य झाला आणि भारतातील अधिमान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदवीला अन्य सदस्य देशांत समकक्षतेचा मार्ग खुला झाला. ही अधिमान्यता देणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनने पदवीधराच्या अंगी असावयाच्या गुणांची यादी केली, तिच्यात परिणामकारक अहवाल व आराखड्याचे दस्तऐवज लिहिता येणे याचा समावेश आहे.

काँक्रीटचे तीन क्यूब

अहवाल चांगला लिहिणे म्हणजे अलंकारिक इंग्रजी लिहिणे नव्हे. ते काय आहे, हे एका साध्या प्रयोगावरून पाहता येईल.

स्थापत्य शाखेच्या प्रयोगशाळेत काँक्रीटची दाबशक्ती तपासतात. 150 मिलिमीटर बाजूचे तीन क्यूब ओततात, 28 दिवस पाण्यात ठेवतात आणि मग यंत्रात दाबून फोडतात. समजा, एम-20 प्रतीच्या मिश्रणाचे तीन क्यूब अनुक्रमे 585, 562.5 आणि 450 किलोन्यूटन भाराला फुटले. क्यूबच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर. भागाकार केला की शक्ती येते 26, 25 आणि 20 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सरासरी 23.67. एम-20 याचा अर्थ 20, आणि सरासरी तर त्याहून वर आहे. जुन्या फाईलवरून उतरविणारा विद्यार्थी येथे लिहितो, ‘काँक्रीटची शक्ती खूप चांगली आढळली’, आणि मोकळा होतो.

आता भारतीय मानक 456, म्हणजे 2000 सालची काँक्रीट बांधकामाची संहिता, काय म्हणते ते पाहावे. तीन क्यूबपैकी कोणताही एक सरासरीपासून 15 टक्क्यांहून अधिक दूर असेल, तर तो नमुनाच अग्राह्य ठरतो. येथे 23.67 चे 15 टक्के म्हणजे 3.55. तिसरा क्यूब सरासरीपासून 3.67 इतका खाली आहे. म्हणजे चाचणी ग्राह्य नाही, आणि ‘खूप चांगली’ हे वाक्य खोटे आहे.

हे लक्षात आलेल्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. 450 च्या जागी 520 लिहिले की सगळे जुळते. बरेच जण तेच करतात. दुसरी वाट म्हणजे जे घडले ते लिहिणे: तीन भार, तीन शक्ती, सरासरी, तिसऱ्या क्यूबची तफावत, मानकाची अट, म्हणून नमुना अग्राह्य, संभाव्य कारणे अशी की तिसरा क्यूब नीट ठोकून भरला गेला नसावा किंवा यंत्रात तिरका बसला असावा, चाचणी पुन्हा करणे आवश्यक. या अहवालाला फार मोठे इंग्रजी लागत नाही. पाच-सहा साधी वाक्ये पुरतात. लागते ती आकडा आणि विधान यांचा मेळ घालण्याची सवय.

ही सवय व्यापारी घराला नवी नाही. संध्याकाळी कीर्द लिहिताना गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक जुळली नाही, तर जाणता मुनीम आकडा बदलत नसे. चूक सापडेपर्यंत दिवा जळत असे. फरक राहिलाच, तर तो फरक म्हणूनच वहीत दाखविला जाई. चांगल्या अहवालामागे नेमकी हीच वृत्ती असते. मुलाला ती घरातून मिळालेली असते. परंतु प्रयोगवही हीदेखील वहीच आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दाव्याला पावती

वहीतील प्रत्येक नोंदीमागे पावती असावी लागते. शास्त्रीय लेखनात हेच काम संदर्भ करतात. अहवालातील प्रत्येक विधानाला वाचक मनात विचारीत असतो, ‘हे कशावरून?’ उत्तर तीनच प्रकारचे असू शकते: हे आम्ही मोजले, हे अमुक व्यक्तीने अमुक ठिकाणी दाखविले, किंवा हे आमचे अनुमान आहे. या तिहींची सरमिसळ झाली की अहवालावरचा विश्वास उडतो. अभियांत्रिकीत बहुधा चौकटी कंसातील क्रमांकांची पद्धत वापरतात. वाक्याच्या शेवटी क्रमांक आणि अहवालाच्या अखेरीस त्या क्रमांकाचा पत्ता. ही पद्धत अर्ध्या तासात शिकविता येते. क्रमांक कोठे घालायचा आणि का, हे समजण्यास मात्र सराव लागतो.

या शिस्तीमागे कायद्याचे बळही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्यास आळा घालणारे विनियम लागू केले. प्रबंधातील साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करावे लागते. 40 ते 60 टक्के असल्यास वर्षभर सादर करता येत नाही. त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. चार वर्षे सबमिशन उतरवून काढण्याची सवय लागलेला विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणास जातो, तेव्हा त्याला हा नियम अचानक आडवा येतो. परदेशी विद्यापीठांत तर पहिल्याच निबंधाला ही कसोटी लागते आणि तेथे ‘सगळे असेच करतात’ हे उत्तर ऐकून घेतले जात नाही.

शिकवावे कसे

लेखन ही देणगी आहे, शिकवून येत नाही, असा एक समज आहे. ललित लेखनाबद्दल कोणी वाद घालावा. अहवाललेखन मात्र शिकविता येते आणि त्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत.

पहिली पद्धत म्हणजे वाचनाची. छापून आलेला एक छोटा शोधनिबंध घ्यावा आणि त्यातील प्रत्येक परिच्छेद कोणते काम करतो, ते समासात लिहावे. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा असा चार खोल्यांचा आराखडा जगभर रूढ आहे. कोणती वस्तू कोणत्या खोलीत ठेवायची हे कळले, की निम्मा गोंधळ संपतो. कृती सांगताना मध्येच निष्कर्ष काढायचा नाही आणि निष्कर्षात नवा आकडा आणायचा नाही.

प्रस्तावना सर्वांत अवघड वाटते. मिशिगन विद्यापीठातील जॉन स्वेल्स यांनी 1990 साली तिची रचना तीन पावलांत उलगडून दाखविली: क्षेत्र दाखवावे, त्यातील रिकामी जागा दाखवावी आणि ती आपण कशी भरणार ते सांगावे. व्यापाऱ्याच्या मुलाला हे समजावणे सोपे आहे. नवे दुकान टाकताना तो हेच तीन प्रश्न विचारतो: या पेठेत काय चालते, काय मिळत नाही, आणि आपण काय आणणार. समजा, नाशिक भागातील विद्यार्थ्यांचा गट कांदाचाळीतील तापमान व आर्द्रता मोजणारे उपकरण बनवीत आहे. कांदा चाळीत साठविला जातो आणि दमट हवेत सडतो, हे क्षेत्र. सड बहुधा वास आल्यावरच कळते, तोवर आजूबाजूचा माल बिघडलेला असतो, ही रिकामी जागा. चाळीत ठिकठिकाणी संवेदक बसवून वेळीच इशारा देणारी यंत्रणा, हा आपला माल. इतके सुचले की प्रस्तावना उभी राहते. ‘आजच्या आधुनिक युगात तंत्रज्ञानाचे महत्त्व वाढत आहे’ या सर्वत्र सापडणाऱ्या वाक्याची मग गरज उरत नाही.

दुसरी पद्धत विधानाचे वजन तोलण्याची. इंग्रजीत ‘प्रूव्ह’, ‘शो’, ‘इंडिकेट’, ‘सजेस्ट’ ही क्रियापदे एकाच अर्थाची नाहीत. मराठीतही ‘सिद्ध होते’, ‘दिसते’, ‘सूचित होते’, ‘शक्यता वाटते’ यांत तोच उतरता क्रम आहे. तीन क्यूब फोडून काही ‘सिद्ध’ होत नाही. विद्यार्थ्याला मराठीतील हा क्रम उपजत कळतो. शिक्षकाने त्यावरून इंग्रजीकडे नेले तर तो पटकन वळतो. कर्मणी प्रयोगाचेही तसेच. ‘तीन नमुने तयार करण्यात आले’ ही सरकारी मराठीतील घडण त्याच्या कानावर असतेच, आणि पद्धतीच्या भागात इंग्रजीतही पुष्कळदा तीच लागते.

तिसरी पद्धत कच्च्या खर्ड्याची. पेढीवर कच्ची वही आणि पक्की वही असे, तसे लेखनातही असावे. अंतिम तारखेच्या आदल्या रात्री एकदम पक्के लिहायला बसणारा विद्यार्थी उतरवून काढण्यावाचून दुसरे काही करू शकत नाही. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात फक्त तक्ते, दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक तक्त्याखाली दोन वाक्ये, तिसऱ्यात पद्धती, चौथ्यात चर्चा आणि सर्वांत शेवटी सारांश, असे टप्पे केले आणि टप्प्यांनाही थोडे गुण ठेवले, तर नक्कल करणे हाच अधिक कष्टाचा मार्ग ठरतो. पहिला खर्डा मराठीत लिहिण्यास हरकत असू नये. विचार एकदा उभा राहिला की त्याचे इंग्रजी करता येते. परंतु विचारच नसेल तर कोणत्याही भाषेचे व्याकरण त्याला वाचवीत नाही.

चौथी गोष्ट तपासणीची. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत उपपदे गळतात आणि वाक्ये लांबत जातात. प्रत्येक गळलेल्या उपपदाभोवती लाल वर्तुळ काढले, तर पान रक्तबंबाळ होते आणि विद्यार्थी धास्तावतो. अनुभवी शिक्षक आधी विधान आणि आकडा जुळतो का, हे पाहतो. मग परिच्छेदांचा क्रम. आणि सर्वांत शेवटी व्याकरण, तेही एका वेळी एक-दोन प्रकारच्या चुका. साठ-सत्तर वह्या एकट्याने तपासणे शक्य नसेल तेथे विद्यार्थ्यांनी एकमेकांचे खर्डे वाचावेत आणि ‘हे कशावरून?’ हा एकच प्रश्न समासात लिहावा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

प्रसंगी मोल किती

लेखनाच्या या बारीकसारीक गोष्टींवर प्राणांचे व संपत्तीचे भवितव्य अवलंबून असू शकते, हे अंतराळ क्षेत्रातील दोन घटनांतून जगाने पाहिले आहे. अभियांत्रिकीच्या वर्गांत त्या आवर्जून शिकविल्या जातात.

28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. आदल्या संध्याकाळी रॉकेट बनविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी उड्डाणास विरोध केला होता. थंडीत रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्या ताठरतात, म्हणून 53 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी घाईने 13 तक्ते तयार करून फॅक्सने धाडले. दूरध्वनीवरून बैठक झाली. शेवटी कंपनीच्या व्यवस्थापनाने ती शिफारस मागे घेतली. तापमान आणि कड्यांची झीज हे दोन्ही एकाच आलेखावर मांडले असते तर धोका डोळ्यांत भरला असता, असे एडवर्ड टफ्टी यांनी 1997 साली आपल्या पुस्तकात लिहिले. हे विवेचन अन्यायकारक आहे, असा आक्षेप रॉजर बॉइसजोली या त्या अभियंत्यांपैकीच एकाने व त्याच्या सहलेखकांनी पुढे घेतला. या वादात एक गोष्ट निर्विवाद आहे. त्याच बॉइसजोली यांनी 31 जुलै 1985 रोजी वरिष्ठांना पत्र लिहून मनुष्यहानीचा इशारा नेमक्या शब्दांत दिला होता. तो मानला गेला नाही. परंतु तो लिहिलेला होता, म्हणूनच चौकशी आयोगापुढे सत्य आले.

दुसरी घटना 1999 ची. मंगळाकडे पाठविलेले एक अमेरिकी यान सप्टेंबर महिन्यात नाहीसे झाले. एका गटाने आकडे पौंडाच्या मापात दिले होते आणि दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात असल्याचे धरले होते. प्रयोगवहीत आकड्यापुढे एकक लिहिले नाही म्हणून अर्धा गुण कापणारे शिक्षक विद्यार्थ्यांना कटकटे वाटतात. त्यांनी ही हकिकत वर्गात अवश्य सांगावी.

यंत्राची मदत

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅट-जीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि जुन्या फाईलची जागा त्याने घेतली. आता रात्र जागून उतरवावेही लागत नाही. अशा यंत्राकडून वाक्य सुबक होते हे खरे. परंतु तिसरा क्यूब 450 वर का फुटला, हे प्रयोगशाळेत नसलेल्या यंत्राला ठाऊक असणे शक्य नाही. मागितल्यास ते कारण देते. अस्तित्वात नसलेल्या शोधनिबंधाचा हवालाही देऊ शकते. महाविद्यालयाच्या नियमांत बसत असेल, तर स्वतः लिहिलेल्या परिच्छेदाचे व्याकरण त्याच्याकडून तपासून घ्यावे आणि तसे अहवालात नमूद करावे. पावती मात्र स्वतः पाहिलेलीच जोडावी.

मराठीतून अभियांत्रिकी शिकण्याची सोय झाल्यावर हा प्रश्न मिटेल, असेही काहींना वाटते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021-22 पासून निवडक महाविद्यालयांना भारतीय भाषांतून अभ्यासक्रम चालविण्याची परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवड परिसरात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र विधान आणि पुरावा यांचा मेळ मराठीतही शिकवावाच लागेल. माध्यम बदलल्याने उतरवून काढण्याची सवय आपोआप सुटत नाही.

घराने काय करावे

या विषयात पालकांचे काम फारसे खर्चाचे नाही. प्रवेशापूर्वी महाविद्यालय पाहायला जाताना पॅकेजच्या आकड्यांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: प्रकल्प-अहवालाचे कच्चे खर्डे कोण वाचते, आणि पहिल्या वर्षापासून लेखनासाठी तास आहे काय? सुटीत मूल घरी आले की त्याची प्रयोगवही मागून घ्यावी. विषय समजत नसला तरी चालेल. ‘हे तू घरच्या भाषेत समजावून सांग’ एवढेच म्हणावे. ज्याला आजीपुढे सांगता येते, त्याला पुढे लिहिताही येते. आणि जो अडखळतो, त्याचे बहुधा इंग्रजी नव्हे, आकलन अडलेले असते. तांत्रिक इंग्रजीचे विनामूल्य वर्ग एनपीटीईएलच्या व्यासपीठावर आहेत. महागड्या क्लासआधी ते पाहावेत.

तयार प्रकल्प आणि छापील अहवाल विकणारी दुकाने महाविद्यालयांच्या आसपास उघडपणे चालतात. मुलाने त्यासाठी पैसे मागितले, तर व्यापाऱ्याने त्याला स्वतःच्या धंद्यातील उदाहरण द्यावे. माल न घेता नुसते बिल विकत घेणाऱ्याचे पुढे काय होते, हे पेठेत कोणाला सांगावे लागत नाही.

आणि हे कौशल्य शेवटी घरीच परत येते. शिकून आलेली मुलगी किंवा मुलगा कारखान्याचा विस्तार करू म्हणतो, तेव्हा बँकेत प्रकल्प-अहवाल द्यावा लागतो. यंत्राची क्षमता, कच्च्या मालाचा भाव, अपेक्षित विक्री या प्रत्येक आकड्याखाली कर्ज मंजूर करणारा अधिकारी तोच प्रश्न लिहितो: हे कशावरून? निविदा भरताना, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीसाठी अर्ज करताना, परदेशी ग्राहकाला यंत्राचे तपशील पाठविताना हाच प्रश्न पुन्हा येतो. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या अहवालाचा मालक त्या टेबलासमोर गप्प बसतो आणि ‘हे आमच्या सल्लागाराला विचारा’ म्हणतो. ज्याने पहिल्या वर्षी तिसऱ्या क्यूबचा आकडा न बदलता त्याचे कारण शोधले असेल, तो फाईल उघडून पान दाखवितो.